सात पुस्तकांनंतरचे आठवे पुस्तक

आवडत्या गोष्टीचा पुढचा भाग येणार, अशी बातमी आली की वाचकाला आधी आनंद होतो आणि लगेच मागून धास्ती वाटते. आनंद यासाठी की जिवाभावाची माणसे पुन्हा भेटणार. धास्ती यासाठी की ती तशीच भेटतील का? लग्न होऊन बरीच वर्षे लोटलेली मुलगी माहेरी येते तेव्हा दार तेच असते, उंबरा तोच असतो, पण आत कुणीतरी भिंती पाडून नव्या बांधलेल्या असतात. तिच्या झोपण्याच्या जागी कपाट असते. कुणी मुद्दाम वाईट केलेले नसते, तरी तिचे मन खट्टू होतेच. वाचकाचेही असेच होते. फरक एवढाच, की माहेरच्या भिंतीबद्दल ती बोलू शकते आणि वाचकाला मात्र, “अहो, गोष्टच तर आहे!” असे म्हणून गप्प केले जाते.

मला या खट्टू होण्याबद्दल बोलायचे आहे, कारण ते वाटते तितके किरकोळ नाही. उदाहरण घेते ते घरोघरच्या मुलांना ठाऊक असलेले, हॅरी पॉटरचे.

ब्रिटिश लेखिका जे. के. रोलिंग यांचे या मालिकेतले पहिले पुस्तक जून १९९७ मध्ये आले आणि सातवे जुलै २००७ मध्ये. दहा वर्षांत सात पुस्तके. आईवडील गमावलेला, मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपणारा एक मुलगा, त्याचे दोन मित्र, त्यांची शाळा आणि मृत्यूला घाबरून क्रूर झालेला एक माणूस, एवढ्या सामग्रीवर जगभरची एक पिढी वाचायला शिकली. सातव्या पुस्तकाच्या अखेरीस लेखिकेने एकोणीस वर्षांनंतरचे एक छोटे प्रकरण जोडले होते. त्यात हॅरी आपल्या मुलांना शाळेच्या गाडीत बसवायला आलेला दिसतो. धाकटा मुलगा आल्बस घाबरलेला असतो, आपल्याला नको त्या गटात तर घालणार नाहीत ना, म्हणून. बाप त्याच्या पुढ्यात वाकतो, त्याला धीर देतो आणि गाडी सुटते. गोष्ट तिथे संपली. चांगली संपली.

मग ३० जुलै २०१६ रोजी लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ हे दोन भागांचे नाटक सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलैला, म्हणजे हॅरीच्या आणि लेखिकेच्याही वाढदिवशी, त्याची संहिता पुस्तकरूपाने बाजारात आली. कथा रोलिंग, दिग्दर्शक जॉन टिफनी आणि नाटककार जॅक थॉर्न या तिघांची, संहिता थॉर्न यांची. पुस्तकावर मात्र ही आठवी गोष्ट असल्याचे ठळकपणे सांगितले होते. ब्रिटनमध्ये पहिल्या तीनच दिवसांत सहा लाख ऐंशी हजार प्रती खपल्या. आणि मग काही दिवसांतच जगभरच्या जुन्या वाचकांकडून एकच सूर उमटू लागला, की हे आमचे नाही.

पारस पत्थर आणि आपली घरे

आपल्या घरांत ही मालिका दोन-तीन वाटांनी आली. इंग्रजी माध्यमाची मुले मूळ पुस्तके वाचत. मराठीत भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने ती आणली, पहिल्या पुस्तकाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. उर्दूतही तिचे भाषांतर झाले आणि तिथेही नावात पारस पत्थरच आला. लोखंडाचे सोने करणारा दगड मराठीत परीस, उर्दूत पारस. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारखीला या गोष्टीचे फार अप्रूप वाटले होते.

पालकसभेत एक प्रश्न मात्र ठरलेला असे. “टीचर, यात सगळी जादू आहे. मुलांनी वाचावे का?” प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. जादूटोणा करणे किंवा त्यावर विसंबणे आपल्या दीनमध्ये नाही, हे मुलाला घरात स्पष्ट सांगितलेले असावेच. पण करणे वेगळे आणि गोष्टीत वाचणे वेगळे, हा फरक आपल्या वाडवडिलांना चांगला कळत होता. नाहीतर लखनौ आणि दिल्लीच्या दिवाणखान्यांत दास्तान-ए-अमीर हमजाच्या मैफिली रात्र रात्र रंगल्याच नसत्या. तिलिस्म, जादूगार, उडते तख्त, अमर अय्यारची सगळे जग पोटात घेणारी झंबील, हे सगळे ऐकून लोक पहाटे उठून फजरच्या नमाजलाही जात. गोष्ट ही गोष्ट आहे, हे श्रोत्यांना कुणी समजावून सांगावे लागत नसे.

म्हणून मी पालकांना एवढेच म्हणायची, की कांडी बघू नका, ती हातात घेणारा मुलगा काय निवडतो ते बघा. सातही पुस्तकांचा सारा भर या निवडीवर आहे. माणूस कुठल्या घरात जन्मला, अंगात किती हुन्नर आहे, यावरून तो ओळखला जात नाही. दोन वाटा समोर असताना त्याने कुठली धरली, यावरून ओळखला जातो. खलनायकाची माणसे ‘शुद्ध रक्ता’च्या गोष्टी करतात आणि पुस्तक पानोपानी त्यांना खोटे पाडते. मुलगा बघायला गेल्यावर, “कुठल्या खानदानातले? बिरादरी कोणती?” हे प्रश्न शिक्षणाआधी आणि स्वभावाआधी विचारले जाणाऱ्या समाजात ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलीने वाचावी, असे मला मनापासून वाटे. आजही वाटते.

ईदीचे पुस्तक

२०१६ ची रमजान ईद जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती. माझी भाची तेव्हा नुकतीच अकरावीत गेली होती. सहावीत असताना तिने पहिली पुस्तके मराठीतून वाचली, पुढची इंग्रजीतून, हाताशी शब्दकोश घेऊन. आमच्या खानदानात इंग्रजी कादंबरी सलग वाचणारी ती पहिली मुलगी. त्या ईदला तिने चुडे घेतले नाहीत, सँडल घेतली नाही. सगळी ईदी एका डब्यात ठेवली आणि महिनाअखेरीस नवे पुस्तक मागवले.

दीड दिवसात वाचून झाले. संध्याकाळी ती माझ्याकडे आली, पुस्तक ओट्यावर ठेवले आणि म्हणाली,

“खाला, तुम्ही हे वाचू नका.”

“का गं? आवडलं नाही?”

“आवडणं-न आवडणं नाही. सेड्रिक असं करूच शकत नाही. यांना सेड्रिक माहीतच नाही.”

तिचे डोळे भरले होते. माझी बहीण, म्हणजे तिची अम्मी, हसून म्हणाली, “एवढंच ना! मला वाटलं काय झालं.” मुलगी त्यावर काही बोलली नाही. पण नंतर बरेच दिवस तिने दुसरे कुठलेही पुस्तक हातात घेतले नाही. मी पुस्तक वाचायला घेतले ते तिच्या त्या वाक्यासाठी. पोरीला नेमके काय दुखले, ते मला बघायचे होते.

नेमके काय बिघडले?

ज्यांनी वाचलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगते. आल्बस शाळेत जातो आणि ज्याची भीती होती त्याच स्लिदरिन गटात पडतो. तिथे त्याचा एकच मित्र, स्कॉर्पियस, हॅरीच्या जुन्या शत्रूचा म्हणजे ड्रॅको मॅल्फॉयचा मुलगा. बापाच्या नावाच्या ओझ्याखाली आल्बस घुसमटतो. अशात त्याच्या कानावर येते, की सेड्रिक डिगरी नावाच्या मुलाचा म्हातारा बाप हॅरीकडे विनवणी करतो आहे, काळ मागे फिरवा आणि माझा मुलगा मला परत आणून द्या. हॅरी नकार देतो. आल्बसला वाटते, बापाने जे केले नाही ते आपण करू. दोन्ही मुले काळ मागे फिरवणारे यंत्र घेऊन भूतकाळात शिरतात आणि एक चूक निस्तरायला दुसरी मोठी चूक करत जातात.

कल्पना वाईट नाही. पण जुन्या वाचकाला ती चार ठिकाणी खुपते.

पहिले ठिकाण काळाच्या यंत्राचे. तिसऱ्या पुस्तकात हे यंत्र आले होते, तेव्हा त्याचा नियम फार सुंदर होता. जे घडायचे ते घडूनच गेले होते. मुले मागे गेली आणि त्यांनी जे केले ते आधीच होऊन गेलेले निघाले. तळ्याकाठी आपल्याला वाचवणारा आपला मेलेला बाप असावा असे हॅरीला वाटले होते, प्रत्यक्षात तो स्वतःच होता. त्यात एक मोठी समज आहे, की गेलेले बदलत नाही, पण आपण समजतो त्यापेक्षा आपल्यात जास्त बळ असते. पुढे पाचव्या पुस्तकात मंत्रालयातला या यंत्रांचा सगळा साठा फुटला. लेखिकेने ते दार स्वतःच्या हाताने बंद करून टाकले. नाटकाने ते पुन्हा उघडले आणि नियमही बदलला. आता इतिहास पाटीवरच्या अक्षरांसारखा पुसता येतो. गोष्टीतली जादू खोटी असली तरी चालते, तिचा कायदा खरा लागतो. दास्तानमधला तिलिस्मही मन मानेल तसा तुटत नसे. तो कुणाच्या हातून, कशाने तुटणार हे ‘लौह’वर लिहिलेले असे आणि श्रोता त्यावर भरवसा ठेवून बसलेला असे.

दुसरे ठिकाण सेड्रिकचे. ज्यावर माझ्या भाचीने बोट ठेवले होते. चौथ्या पुस्तकातला हा सतरा वर्षांचा मुलगा. देखणा, हुशार, पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. स्वतः जिंकलेला सामना, प्रतिस्पर्धी खाली पडला होता म्हणून पुन्हा खेळवा, असे म्हणणारा. अंतिम स्पर्धेत चषक हातभर अंतरावर असताना, तो तुझा हक्क आहे, असे हॅरीला सांगणारा. शेवटी दोघे मिळून चषक उचलतात आणि त्या प्रामाणिकपणाची किंमत म्हणून सेड्रिक मारला जातो. त्या मृत्यूने लाखो मुलांना पहिल्यांदा कळले, की चांगल्या माणसाच्याही वाट्याला असे येऊ शकते.

नाटकात काय होते? मुले भूतकाळात जाऊन स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत सेड्रिकची सर्वांसमोर फजिती करतात. आणि बदललेल्या जगात हाच सेड्रिक त्या फजितीमुळे कडवट होऊन खलनायकाच्या टोळीत गेलेला, एका भल्या माणसाचा खून केलेला दाखवला आहे.

इथे मी शिक्षिका म्हणून जरा थांबते. भर वर्गात झालेला अपमान मुलाचे आयुष्य वाकडे करू शकतो, हे मला मान्य आहे. वीस वर्षांच्या नोकरीत अशी मुले पाहिली आहेत. म्हणून तसे घडणे अशक्य आहे, अशी माझी तक्रार नाही. तक्रार ही, की ते घडताना दाखवलेले नाही. चांगले मूल वाईट वाटेला लागते तेव्हा त्या वाटेवर शंभर पावले असतात. घरी गप्प राहणे, मित्र बदलणे, एखाद्या मोठ्याने वेळेवर विचारपूस न करणे. नाटकात ही शंभर पावले दोन-चार वाक्यांत उरकली आहेत आणि तीही दुसऱ्याच्या तोंडून. जो मुलगा मरणाच्या दारात निवडीची कसोटी उतरला, तो एका हशाने खुनी झाला, असे सांगितले की वाचणाऱ्या मुलापर्यंत एकच अर्थ पोहोचतो, की चांगुलपणा ही नशिबाची गोष्ट आहे, फजिती झाली नाही तोवर टिकणारी. सात पुस्तकांनी जे कष्टाने शिकवले ते इथे एका प्रवेशात पुसले गेले. भाचीचे डोळे भरले होते ते यासाठी.

तिसरे ठिकाण रक्ताचे. नाटकाची खलनायिका डेल्फी ही शेवटी खुद्द वोल्डेमॉर्टची मुलगी निघते. ज्याला प्रेम म्हणजे काय हे कधी कळलेच नाही, अशा माणसाला वारस देणे वाचकांना पटले नाही. पण त्याहून मोठी अडचण अशी, की जन्म नव्हे, निवड महत्त्वाची असे सांगत आलेल्या गोष्टीत वाईटाचे बी पुन्हा रक्तातूनच उगवले. नाटकाची बाजूही सांगायला हवी. डेल्फी एकटी, पैशांसाठी सांभाळलेली पोर आहे, आणि फक्त एकदा बापाला भेटायची तिची इच्छा आहे. ती वाचताना काळजात कळ येते. पण तो धागा हाती येतो न येतो तोच सुटतो. दुसऱ्या बाजूला स्कॉर्पियस मात्र बदनाम घराण्यातला असून निर्मळ मनाचा आहे, आणि तेच या नाटकातले सर्वांत खरे पात्र आहे. एकाच नाटकाने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले.

चौथे ठिकाण जुन्या मित्रांचे. रॉन, जो पुस्तकांत भित्रा होता तरी अखेर मित्राच्या बाजूला उभा राहिला, तो इथे बहुतेक वेळ केवळ विनोदापुरता उरला आहे. बदललेल्या एका जगात त्याचे लग्न पद्मा पाटीलशी झालेले असते आणि त्यांच्या मुलाचे नाव आहे पंजू. आडनाव पाटील आणि मुलाचे नाव पंजू! कोल्हापूर-साताऱ्याकडच्या कुठल्याही मुलाला विचारा, तो हसू लागेल. सात पुस्तकांत रोलिंगने छोट्यातल्या छोट्या पात्राचे नावही विचार करून ठेवलेले असे. इथे आपल्याच मुलुखाच्या वाट्याला अशी घाई आली.

वाचायचे की बघायचे?

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. ज्यांनी हे नाटक रंगमंचावर पाहिले, त्यांतल्या अनेकांनी ते डोक्यावर घेतले. लंडनमध्ये २०१७ साली त्याला ऑलिव्हिए पुरस्कारांपैकी नऊ मिळाले आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये टोनी पुरस्कारांपैकी सहा, त्यांत उत्कृष्ट नाटकाचाही. मग तेच नाटक पुस्तकात इतके फिके का?

याचे उत्तर शाळेच्या पाठ्यपुस्तकातच आहे. आम्ही नाट्यउतारा शिकवतो तेव्हा मुलांना सांगतो, की नाटक हे वाचण्यासाठी नसते, करण्यासाठी असते. संहितेत फक्त संवाद असतात आणि कंसात रंगसूचना. पात्राच्या मनात काय चालले आहे ते नटाचा चेहरा सांगतो, खोलीत किती अंधार आहे ते दिव्यांचा माणूस सांगतो. कादंबरीत हे सारे लेखक करतो. सात पुस्तके वाचताना आपण हॅरीच्या डोक्यात बसलेलो होतो. आठव्यात आपण बाहेर, रिकाम्या रंगमंचासमोर. चार अंक, भराभर बदलणारे प्रवेश, पण ज्या आवाजाने आपल्याला दहा वर्षे गोष्ट सांगितली तो आवाजच नाही. लंडन-न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला दिव्यांचा खेळ मिळाला, आपल्या तालुक्याच्या गावात नुसती बिर्याणीची कृती पोहोचली. कृती वाचून पोट भरत नाही, आणि त्यात ती करणाऱ्याचा दोषही नसतो. पण कृतीची चिठ्ठी देगचीच्या भावाने आणि देगचीच्या नावाने विकली, तर गिऱ्हाईक नाराज होणारच.

ही तक्रार आजची नाही

वाचकाचे हे रुसणे नवे नाही. आपल्याच परंपरेतले उदाहरण आहे. तिलिस्म-ए-होशरुबा ही अमीर हमजाच्या दास्तानमधली सर्वांत गाजलेली शाखा. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून तिचा पहिला खंड १८८३ च्या सुमारास निघाला. लेखक मुहम्मद हुसेन जाह. त्यांनी चार खंड लिहिले, मग छापखान्याशी बिनसले, आणि उरलेले खंड अहमद हुसेन कमर यांनी पुरे केले. तेव्हापासून उर्दूच्या वाचकांत वाद आहे, की खरी होशरुबा कुणाची? जाहची भाषा रसाळ की कमरचा झपाटा भारी? सव्वाशे वर्षे उलटली, तरी जाणकार मंडळी यावर तावातावाने बोलतात.

इंग्रजीतही तेच. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटले, वाचक इतके चिडले, की अखेर दहा वर्षांनी त्यांना त्याला जिवंत परत आणावे लागले. आणि तो परत आल्यावर, हा पहिल्यासारखा नाही, असे म्हणणारेही निघालेच. आपल्याकडे इब्ने सफी आजारपणामुळे तीन वर्षे लिहू शकले नाहीत, तेव्हा त्यांच्या इम्रानवर भलत्याच लोकांनी कादंबऱ्या लिहून खपवल्या. वाचकांनी त्या घेतल्या, चाळल्या आणि बाजूला टाकल्या. १९६३ साली ‘डेढ मतवाले’ घेऊन खुद्द इब्ने सफी परतले, तेव्हा लोकांना खऱ्या-खोट्यातला फरक सांगावा लागला नाही.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. गोष्ट लिहिणाऱ्याची असते हे खरे, पण वर्षानुवर्षे वाचली गेल्यावर ती थोडी वाचणाऱ्याचीही होते. कायद्याने नव्हे, मायेने. दास्तानगो मैफिलीत चुकला तर समोरचा जाणता श्रोता त्याला टोकत असे, आणि तो टोकणे अपमान मानत नसे. टोकणारा श्रोता म्हणजे मन लावून ऐकणारा श्रोता.

बापाची गोष्ट

आता जे चांगले आहे ते सांगते, कारण मासिकाच्या वाचकांना त्याचा उपयोग आहे. या नाटकाच्या पोटात एक खरी गोष्ट आहे आणि ती जादूची नाही. ती बाप आणि मुलगा यांची आहे.

हॅरीने बाप पाहिलाच नाही. त्यामुळे बाप कसे व्हायचे हे त्याला कुणी दाखवलेले नाही. तो मुलाला आपल्या आईची शेवटची खूण, आपले तान्हेपणीचे दुपटे, भेट देतो. त्याच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची वस्तू. मुलाला त्यात फक्त आणखी एक ओझे दिसते. शब्दाला शब्द वाढतो आणि बापाच्या तोंडून निघून जाते, की तू माझा मुलगा नसतास तर बरे झाले असते, असे कधी कधी वाटते. बोललेला शब्द परत घेता येत नाही. पुढचे सगळे संकट त्या एका वाक्यातून निघते.

आपल्या मोहल्ल्यात डोळे उघडून पाहिले तर असे आल्बस दिसतील. हेडमास्तरांचा मुलगा. हाफिजसाहेबांचा मुलगा. डॉक्टरांचा मुलगा. “अरे, तू त्यांचा मुलगा ना? आणि एवढेच मार्क?” हे वाक्य आपण किती सहज बोलतो. बाप नावाजलेला असला की मुलाला स्वतःचे नाव मिळायला वेळ लागतो. आणि रागात बोललेले वाक्य आपण विसरतो, मूल विसरत नाही.

शेवटाकडे एक प्रवेश आहे, ज्यासाठी हे पुस्तक मी घरात ठेवले आहे. भूतकाळात गेलेला हॅरी आपल्या आईवडिलांच्या खुनाच्या रात्री त्यांच्या घराजवळ उभा आहे. तो आत जाऊन ते थांबवू शकतो. पण तसे केले तर पुढचे सारे जग कोसळेल. म्हणून तो थांबतो, बघतो, सोसतो. आणि त्या वेळी त्याच्या बाजूला त्याचा मुलगा आणि त्याचे मित्र असतात. ज्या काळाला नाटकाने पाटीसारखे पुसले, त्याच काळापुढे इथे ते मान तुकवते. गेलेले बदलायचे नसते, ते सोबतीने सोसायचे असते. सगळे नाटक या उंचीचे असते, तर भाचीला रडावे लागले नसते.

मूल रुसले तर

पालकांना आणि माझ्या शिक्षक भावंडांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, मूल एखाद्या पुस्तकावर नाराज झाले तर हसू नका. “गोष्टच तर आहे,” हे म्हणू नका. ज्या मुलाला पात्रावर झालेला अन्याय जाणवतो, त्याला उद्या माणसावर झालेला अन्यायही जाणवेल. ही जाणीव फुकट मिळत नाही.

दोन, कारण विचारा. “आवडले नाही” इथे थांबू देऊ नका. कुठल्या पानावर खटकले? त्या पात्राने आधी काय केले होते, आता काय केले? दोन्हींत मेळ का बसत नाही? दहावीच्या उत्तरपत्रिकेत रसग्रहण लिहिताना मुले अडखळतात, कारण घरात असे बोलायची सवय नसते. नाराज मूल मात्र पुरावा देऊन बोलते.

तीन, चांगले तेही शोधायला लावा. इन्साफ हा आवडत्यापुरता नसतो. जे पुस्तक आपल्याला दुखावते त्यातही एखादे पान खरे असू शकते, आणि ते मान्य करण्याने आपली तक्रार कमजोर होत नाही, उलट तिला वजन येते.

चार, पुढचा भाग मानायचा की नाही, हा हक्क मुलाला द्या. कुठलाही प्रकाशक आठवे पुस्तक छापू शकतो, पण सातव्यावर गोष्ट संपली असे ठरवणाऱ्या वाचकाला कुणी अडवू शकत नाही.

आणि पाचवे, मी वर्गात करून पाहिलेले. नववीच्या मुलांना मी एकदा विचारले, “समजा त्या दिवशी सर्वांसमोर सेड्रिकची फजिती झाली. संध्याकाळी तो घरी आला. पुढे काय झाले ते एका पानात लिहा.” बहुतेकांनी मूळ पुस्तक वाचलेले नव्हते, म्हणून तो कसा मुलगा होता ते आधी सांगितले. उत्तरे गोळा केली. कुणी लिहिले, तो दोन दिवस जेवला नाही. कुणी लिहिले, त्याच्या अब्बांनी त्याला काहीच विचारले नाही, फक्त सोबत चहा प्यायले. एकाने लिहिले, हसणाऱ्यांत एक मुलगा होता ज्याची स्वतःची पूर्वी फजिती झाली होती, तो रात्री त्याच्याकडे माफी मागायला आला. चाळीस पाने होती. सेड्रिक रडला, चिडला, शाळा सोडायला निघाला, एका पानात तर त्याने भिंतीवर मूठ मारून हात मोडून घेतला. खुनी मात्र एकाही पानात झाला नाही.

त्यांतली चांगली दहा-बारा पाने मी भाचीला वाचायला दिली. ती आता स्वतः नोकरी करते. तिने सगळी वाचली, दोन बाजूला काढली आणि म्हणाली, “खाला, ही मी ठेवून घेऊ?” तिने ती घरी नेऊन चौथ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानात घडी घालून ठेवली आहेत.